स्वतःची तक्रार मागणारे सर

बाळांनो, तुमच्या तिकडच्या विद्यापीठांत म्हणे सत्र संपलं की विद्यार्थी प्राध्यापकांविषयी फॉर्म भरतात आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. मग हे ऐका. स्वतःविरुद्धच्या तक्रारी हौसेने गोळा करणारा जगातला पहिला माणूस अंबरनाथला आमच्या समोरच्या घरात राहत होता. पुरावा मागू नका. माझी खात्री आहे.

हे सर उल्हासनगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि पीएच.डी.च्या तिघांचे मार्गदर्शक होते. इतर लोक 'जेवलात का?' विचारतात तितक्या सहज ते 'माझं काय चुकलं?' असं विचारत. बायकोपुढे स्वतः केलेला चहा ठेवला की शेजारी कागद-पेन्सिल. तिने एकदा लिहिलं, 'चहा उत्तम. ओटा कोण पुसणार?' त्या दिवसापासून ओटा सरांकडे आला. उल्हासनगरच्या कापडबाजारात दोन शर्टपीस घेऊन त्यांनी सिंधी दुकानदाराला विचारलं, "गिऱ्हाईक म्हणून मी कसा वाटलो?" तो म्हणाला, "साईं, दो शर्ट के लिए पूरी दुकान खुलवाई. अब टाइम खोटी मत करो." सर इतके खूश, की घरी न जाता आधी आमच्याकडे आले. "वहिनी, पन्नाशी आली, पण इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं!"

ऐंशीच्या दशकाचा तो शेवट. तेव्हा पीएच.डी. करायची म्हणजे मार्गदर्शकाची बॅग उचलायची, त्याच्या गॅसचा नंबर लावायचा आणि प्रबंधाचं काय झालं हे विचारायचं नाही. सरांनी मात्र नियम केला, की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तिघांनी त्यांच्याविषयी चिठ्ठी लिहायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून चिठ्ठ्या आधी माझ्याकडे येत. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, टाईपरायटर होता. यंत्र इंग्रजी, त्यामुळे इंग्रजीत उतरवताना मुलांची मराठी माझ्या हातून फार सभ्य होई. 'सर लई पकवतात' याचं 'सरांचे विवेचन प्रसंगी दीर्घ होते' अशा अर्थाचं काहीतरी होई. सर वाचून संशयाने बघत. "वहिनी, हे गोड लागतंय. साखर कुणी घातली?" मग ती टाईप केलेली चिठ्ठी, शेजारी आपलं उत्तर, अशी जोडी प्रयोगशाळेच्या फलकावर लागे. त्यातूनच प्रबंधाची प्रकरणं पंधरा दिवसांत तपासून मिळू लागली, आणि आकडेमोड कुणालाच येत नाही हे कळल्यावर शनिवारचा वर्ग सुरू झाला. त्यात सर स्वतःही बाकावर बसत.

तिघांत सुजाता होती. कारखान्यातल्या फिटरची मुलगी, घरातली पहिली एम.एस्सी. एका शनिवारी तिच्या अक्षरात चिठ्ठी आली. 'विभागप्रमुखांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका आम्ही तिघांनी कल्याणपासून बदलापूरपर्यंत वाटल्या. तीन आठवडे प्रयोग बंद. आम्ही संशोधन शिकायला आलो आहोत.' ही मी बिनसाखरेची टाईप केली. सरांनी फलकावर लावली आणि शेजारी लिहिलं, 'तक्रार रास्त आहे. मला दिसायला हवं होतं.'

विभागप्रमुखांना नाव हवं होतं. सरांना ते खरोखरच ठाऊक नव्हतं. म्हणून टाईप कोण करतं हे शोधून, तीन जिने चढून विभागप्रमुख माझ्याकडे आले.

"मॅडम, तुम्ही सुशिक्षित आहात. मूळ चिठ्ठी द्या."

"टाईप झाली की मी चिठ्ठ्या बंबात घालते."

"अक्षर आठवत असेल."

"आठवतं. सांगणार नाही."

मग सरांना निरोप आला: नाव शोधून द्या, नाहीतर मार्गदर्शक म्हणून मान्यता जाईल आणि तिघांची नोंदणीही अडकेल. सरांनी त्याच दुपारी लिहून दिलं. 'नाव मिळणार नाही. मान्यता मीच सोडतो. विद्यार्थ्यांना दुसरा मार्गदर्शक द्या.' विभागप्रमुखांना प्रकरण मिटायला हवंच होतं. तिघं मुंबईच्या एका बाईंकडे गेली. सरांकडे पुन्हा संशोधक विद्यार्थी आला नाही.

सुजाता डॉक्टर झाली तेव्हा पेढे घेऊन आली. मी तिथेच होते. सरांनी सवयीने कागद पुढे सरकवला. तिने तो घेतला नाही.

"सर, आज तोंडानेच सांगते. आमच्यासाठी तुम्ही सगळं सोडलंत, पण आम्हाला विचारलं नाहीत."

"अगं, तुमची वर्षं वाया गेली असती."

"गेली असती तर गेली असती. आम्ही तिघांनी त्याच फलकावर, त्याच चिठ्ठीखाली सह्या केल्या असत्या. भांडायची हिंमत तुम्हीच दिलीत, आणि भांडण आलं तेव्हा आम्हाला लहान मुलांसारखं घरी पाठवलंत."

सरांनी कागद मागे ओढून घेतला. मग म्हणाले, "हे मात्र चुकलं." पेढा हातातच राहिला.

मी आजही म्हणते, त्या विभागप्रमुखांपुढे ते वाकले नाहीत हेच बरोबर. पण सुजाताचंही बरोबर होतं. आता तिच्या हाताखाली मुलं संशोधन करतात, तिच्याविषयी महिन्याला लिहितातही. ते टाईप करायला कुणी लागत नाही. मुलं खाली स्वतःचं नाव घालतात. हे सांगायला ती गेल्या दिवाळीत आली होती. सर गेल्यापासून समोरच्या दाराला कुलूप आहे, म्हणून तिने ते मला सांगितलं.