हिशेबाबाहेरचा कॅन

मृणाल निघणार त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं हेब्बाळच्या आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये गाडीच्या टपावर डिझेलचे रिकामे कॅन बांधत होतो. मृणाल माझी मुलगी. व्हाइटफील्डला नोकरी करते. ऑफिसातला प्रसन्ना आणि त्याची बायको एका गाडीत, मृणाल आणि तिची मैत्रीण दुसऱ्या गाडीत, असा राजस्थानच्या वाळवंटातून आडवं जायचा बेत होता. मध्ये पंप नाही, गाव नाही, असा पट्टा. कॅन तिकडे पोचल्यावर भरायचे होते.

इंधनाचा हिशेब मृणालनं केला होता, आणि चोख केला होता. मी सगळा तपासला. डांबरी रस्त्यावर गाडी जेवढं डिझेल पिते त्याच्या दुपटीहून जास्त तिनं वाळूत धरलं होतं. गाडी रुतल्यावर इंजिन नुसतं घुमतं, काटा उतरतो आणि किलोमीटर मात्र वाढत नाहीत, म्हणून तिनं अंतराबरोबर इंजिनाचे तासही धरले होते. उन्हात डिझेल फुगतं, कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, हेही तिला ठाऊक होतं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला काढायला एकही खोट सापडली नाही. मला थोडा रागच आला.

मग मी एक कॅन जास्तीचा वर चढवला.

"बाबा, हा कशाला?" ती म्हणाली. "हिशेब पूर्ण झालाय. टपावर वजन वाढलं की गाडी वाळूत बसते, हे तुम्हीच शिकवलंत."

मी पट्टा ओढत राहिलो. मी आवळलेला पट्टा तिनं सोडला. मी परत आवळला. बिल्डिंगचा वॉचमन आमच्याकडे बघत उभा राहिला, तेव्हा मी तिला बाजूच्या कठड्यावर बसवलं आणि पाटलांचं सांगितलं. तिला हे मी कधी बोललो नव्हतो. तिच्या आईलाही अर्धंच सांगितलं होतं.

आमची पलटण तेव्हा जैसलमेरच्या पुढे वाळूत होती. मी नायब सुभेदार होतो. महिना मे. काम रोजचंच, पहाटे गस्तीला निघायचं आणि ऊन तापायच्या आत परत यायचं. दोन जिप्सी, चार माणसं. माझ्या गाडीवर नाईक सावंत. दुसऱ्या गाडीवर हवालदार महादेव पाटील, चिकोडीकडचे, आणि त्यांच्याबरोबर वायरलेसवाला लान्सनायक कांबळे.

पाटलांचा एक नियम होता. टाकी आधी, चहा नंतर. गस्तीवरून कितीही तापून या, घसा कितीही कोरडा पडू दे, गाडीची टाकी भरल्याशिवाय चहाच्या मगला हात लावायचा नाही. दुसऱ्यालाही लावू द्यायचे नाहीत. नवीन पोरं कुरकुरायची. पाटील हसायचे आणि त्यांच्या हातातला मग काढून घ्यायचे. हळूहळू सगळ्या कंपनीला तीच सवय लागली.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर वादळानं गाठलं. समोरची गाडी दिसेना. आम्ही थांबलो, पुन्हा निघालो, पुन्हा रुतलो. वादळ शमलं तेव्हा वाट पुसली गेली होती, ऊन डोक्यावर आलं होतं आणि दोन्ही गाड्यांच्या टाक्या तळाला लागल्या होत्या. तेवढ्यात कांबळे बडबडायला लागला. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घाम मात्र एक थेंब नाही. उष्माघात.

पोस्टला मेसेज दिला. उत्तर आलं, हवेत धूळ आहे, हेलिकॉप्टर उडणार नाही. पोस्टवर दुसरी गाडी नाही. डॉक्टर आहेत, पेशंट इकडे आणा. ओव्हर.

दोन्ही टाक्यांमधलं मिळून पेट्रोल एका गाडीला पोस्टपर्यंत पुरणार होतं. पाटलांनी मी सांगायच्या आधीच नळी काढली आणि आपल्या गाडीचं पेट्रोल आमच्या गाडीत ओतलं. कांबळेला भिजत ठेवायचं होतं, म्हणून पाणीही जवळजवळ सगळं आमच्या गाडीत ठेवलं. एक जण गाडी चालवणार, एक जण कांबळेला धरून अंगावर पाणी टाकणार आणि रुतली तर ढकलणार. मागे राहिलेल्या गाडीत मोठा वायरलेस सेट होता, दारूगोळा होता. ती बेवारस सोडता येत नव्हती.

मी म्हणालो, मी थांबतो.

"साहेब, तुम्ही जा," पाटील म्हणाले. "पोस्टवर तुमचा शब्द चालेल. तुम्ही गाडी लगेच फिरवाल. मी गेलो तर मला आधी रिपोर्ट लिहायला बसवतील."

जीपीएस अख्ख्या पोस्टवर एकच होता आणि तो आमच्याबरोबर होता. तो त्यांच्यापाशी ठेवला, म्हणजे जागा बरोबर सांगता येईल. मी होकायंत्र घेतलं. पाटील जिप्सीच्या सावलीत बसले आणि त्यांनी हात वर केला.

कांबळेला आम्ही जिवंत पोचवलं. डॉक्टरांनी त्याला आत घेतलं आणि मी पेट्रोल मागितलं. वादळामुळे पुरवठ्याचा ट्रक अडकला होता. पोस्टवर दोन कॅन शिल्लक होते. इंधनाचा तक्ता काढून पाहिला. जायला एवढं, यायला एवढं, वर नियमाप्रमाणे राखीव. दोन कॅन बरोबर बसत होते. आम्ही निघालो.

हिशेबात शोधायचं पेट्रोल नव्हतं. तक्त्यात तशी ओळच नव्हती. आपला माणूस कुठे आहे हे माहीत असतं, असं तक्ता करणाऱ्यानं धरलेलं होतं.

आमच्या चाकांच्या खुणा वाऱ्यानं झाकल्या होत्या. टेकड्यांची रूपं बदलली होती. पाटील वायरलेसवर आकडे बरोबर सांगत होते, पण माझ्या हातात ते लावायला काही नव्हतं. मी अंदाजानं जात होतो. एक टेकडी चढायची, पलीकडे वाळूच. दुसरी चढायची, तिकडेही वाळूच. सावंत मधेमधे काट्याकडे बघायचा आणि माझ्याकडे बघायचं टाळायचा.

मग आमच्या छोट्या सेटवर पाटलांचा आवाज आला. आवाज जड झाला होता.

"साहेब, तुमचं इंजिन ऐकू येतंय. हॉर्न देतो. ओव्हर."

आम्ही इंजिन बंद केलं. तीन छोटे हॉर्न, थोडं थांबून पुन्हा तीन. वाळूत आवाज फसवतो. आम्हाला तो डावीकडून वाटला. गेलो. नव्हते. पुन्हा बंद करून ऐकलं तर मागून येत होता. सावंत म्हणाला, साहेब, अर्धं संपलं. पोस्टनंही सेटवर तेच विचारलं आणि हुकूम दिला, मागे फिरा, गाडी गमावू नका. मी सावंतला गाडीपाशीच ठेवलं, पाण्याचा कॅन खांद्यावर घेतला आणि आवाजाच्या दिशेनं पायी चालू लागलो. मी चालत होतो आणि हॉर्नमधलं अंतर वाढत होतं. तिनाचे दोन झाले. दोनाचा एक झाला. मग तोही थांबला.

पुढच्या चढावरून जिप्सी दिसली. तिच्या बाजूला चांगली सावली पडली होती. तिथे त्यांनी अंथरलेली ताडपत्री होती, बाटली होती. ते स्वतः मात्र ड्रायव्हरच्या सीटवर होते, समोरून येणाऱ्या उन्हात. हॉर्न तिथेच होता ना. सावलीत पडून राहिले असते तर कदाचित वाचले असते, पण मग आम्हाला ते सापडले नसते.

मी पाणी पाजलं, अंगावर ओतलं. त्यांनी डोळे उघडले.

"कांबळे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी सेटवरून सावंतला माझ्या पावलांच्या मागावर बोलावलं आणि आम्ही दोघांनी त्यांना उचलून आमच्या गाडीपर्यंत आणलं. पोस्टच्या वाटेवर ते गेले. पेट्रोल पोस्ट दिसल्यावर संपलं. शेवटच्या टप्प्यात जवानांनी गाडी ढकलत आत घेतली.

कुणीतरी सावंतच्या हातात चहाचा मग दिला. त्यानं तो बॉनेटवर ठेवला आणि म्हणाला, टाकी भरायची आहे अजून. पोस्टवर पेट्रोलचा थेंब नव्हता. चहा तिथेच राहिला.

चौकशी झाली. कुणाची चूक निघाली नाही. नव्हतीच. आजही माझा संताप होतो तो त्याच गोष्टीचा. सगळं बरोबर होतं आणि तरी माणूस गेला. त्यानंतर आमच्या कंपनीत प्रत्येक गस्तीवर हिशेब पुरा झाल्यावर एक कॅन वर चढायचा. त्याच्यावर स्वतःसाठी हक्क सांगायचा नाही, तो धरून वाट ठरवायची नाही. कुणाला शोधायची वेळ आली तरच तो उघडायचा. पोरं त्याला पाटलांचा कॅन म्हणायची. कांबळे आज निपाणीजवळ राहतो. मे महिन्यात त्याचा फोन येतो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो आणि ठेवतो.

मृणाल कठड्यावरून उठली. तिनं गाडीच्या मागच्या भागातून दोन घडीच्या खुर्च्या आणि कॉफीचं खोकं बाहेर काढलं, हातात तोलून पाहिलं आणि मला दिलं.

"वजन जुळलं," ती म्हणाली. "पट्टा आवळा."

तिनं प्रसन्नाला फोन करून त्याच्याही गाडीवर एक कॅन वाढवायला सांगितला. त्यानं कारण विचारलं असावं. "भेटल्यावर सांगते," ती म्हणाली. तिकडून कानडीत होकार आला, "सरी, सरी."

सकाळी त्यांना पोचवायला मी हायवेवरच्या पंपापर्यंत गेलो. पंपाशेजारच्या दर्शिनी हॉटेलात प्रसन्नानं सगळ्यांसाठी फिल्टर कॉफी सांगितली होती. पेले टेबलावर आले. "अंकल, घ्या ना," तो म्हणाला. मृणाल पंपावर गाडीपाशी उभी होती, रांगेत अजून दोन गाड्या पुढे होत्या. मी पेल्याला हात लावला नाही. तिची टाकी भरली, मग प्रसन्नाची. तिनं झाकण स्वतः फिरवून घट्ट केलं, टपावरचा शेवटचा कॅन हलवून पाहिला आणि मग आमच्याकडे आली.

हवालदार महादेव पाटलांना चहा आवडायचा. साखर जास्त, आणि गार झालेला असला तरी चालायचा. त्यांनी तो कधी गरम प्यायलेला मी पाहिला नाही.

कॉफी गार झाली होती. आम्ही दोघांनी ती उभ्यानंच प्यायली.