राक्षसाची चौकशी

"वहिनीसमोर बोललं तरी चालते बे. भिंतीसमोर बोलल्यासारखंच हाय ते!"

माझा दीर मंगेश मागच्या अंगणात फोनवर अकोल्याच्या मित्राला हे सांगत होता. मी आत मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट करत होते, त्या आवाजाच्या भरवशावर तो बोलला. नेमकी लाइन गेली, मिक्सर गप्प झाला, आणि वाक्य स्वच्छ माझ्यापर्यंत आलं.

राग नाही आला. खरंच सांगते. लग्न होऊन रिसोडला आल्यापासून मी कमीच बोलते, हे काही खोटं नाही. पण भिंतीला एक फायदा असतो. तिच्यासमोर लोक वाट्टेल ते बोलतात! बोलक्या माणसाचे किस्से सांगून संपून जातात, माझे नुसते साचत गेले. आता ते मावेनात, म्हणून हे लिहिणं.

तर आमच्याकडे दर रविवारी दुपारी, मार्केट बंद असतं तेव्हा, समोरच्या खोलीत चौघंजण सतरंजीवर खेळायला बसतात. पत्ते नाही, कॅरम नाही. मंगेश गोष्ट सांगतो, जंगल, किल्ला, भुयार वगैरे. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात. काय करायचं ते तोंडानं सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. वाटेत राक्षस भेटतात. राक्षसाची पूर्ण माहिती एकट्या मंगेशला. त्यातली तो किती सांगतो, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं होतात तेवढी शेताच्या बांध-धुऱ्यावरूनही होत नसतील!

*

पहिल्याच रविवारी मी चहा घेऊन गेले, तर मंगेश सांगत होता, "झाडीतून एक प्रचंड जनावर निघालं. अंगावर खवले, तोंडाले फेस!"

खेळणाऱ्यांतला एक जनावरांचा डॉक्टर आहे, सुनील. त्यानं कप उचलला आणि शांतपणे विचारलं, "फेस कधीपासून हाय?"

"म्हंजे?"

"रवंथ करते काय? शेन कसं हाय, पातळ की घट्ट?"

"अबे डॉक्टर, ते तुले खाऊन राह्यलं!"

"खाऊन राह्यलं ना? मंग भूक चांगली हाय. आजारी नाही ते."

त्या दिवशी डॉक्टर गोष्टीत मेला, पुढच्या रविवारी नवं माणूस घेऊन खेळायला बसला. पण निदान बरोबर होतं, असं तो अजून म्हणतो.

*

दुसरा प्रवीण. त्याची मार्केट यार्डात अडत आहे. दिवसभर सोयाबीनच्या पोत्यात हात खुपसून ओलावा सांगायचा, हा त्याचा धंदा. समोर दिसतं ते खरं मानायचं नाही, ही सवय.

मंगेशचे राक्षस सुरुवातीला एका जाड इंग्रजी पुस्तकातून यायचे. एकदा प्रवीण भर लढाईत ओरडला, "जिवाचे साठच पॉइंट असतात याले! तू नव्वद कायले लावून राह्यला?"

मंगेशनं पुस्तक मिटलं.

"तुले काय माहीत साठ असतात?" मंगेशनं विचारलं.

प्रवीणनं पूर्ण पुस्तक मोबाइलवर उतरवून पाठ केलं होतं! पकडला गेला तर लाजेल की नाही? छे! उलट म्हणाला, "माल घ्याच्या आधी सँपल पाहू नये काय मानसानं?"

*

तेव्हापासून मंगेश बिथरला. पुस्तक बंद, राक्षस घरचे. नाव सांगणार नाही, आकडा सांगणार नाही.

"शेतात काईतरी उभं हाय," तो म्हणाला.

"केवढं?"

"मानसाएवढं."

"काय करते?"

"उभं हाय."

झालं! तिघं तुटून पडले. डॉक्टरनं मंत्र मारले, प्रवीणनं मागून बाण सोडले, आमच्या ह्यांनी भाला खुपसला. भज्यांचा दुसरा घाणा तळून झाला तरी लढाई सुरूच. शेवटी फासा चांगला पडला आणि ते कोसळलं.

"काय होतं ते?" हे धापा टाकत.

"बुजगावणं."

"अबे! मंग सांगायचं ना!"

"त्यानं एकदा तरी हात उचलला काय तुमच्यावर?" मंगेश म्हणाला. "विचारलंच नाही तुमी."

*

हे म्हणजे अमोल, माझे मिस्टर. कृषी केंद्र चालवतात. शेतकरी पान घेऊन येतो, हे पान उलटं करून बघतात आणि औषध देतात. त्यामुळे कोणताही राक्षस आला की यांचा पहिला प्रश्न, "यावर काय मारायचं?"

दुकानात हळू बोलणारा, घरात त्याहून हळू बोलणारा माणूस. पण रविवारी हे 'रणधीर' असतात, कॉलेजपासून सांभाळलेला भालेवाला. रणधीर आरोळ्या ठोकतो, शत्रूची टिंगल करतो! आणि संध्याकाळी खेळ संपला की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला सगळं सांगतात, हातवारे करून. आठवड्यात आम्ही दोघं खऱ्या अर्थानं बोलतो ती तेवढीच वेळ.

म्हणून, "रणधीर मेला तर आपले फासे बंद. दुसरं मानूस काई मी घेनार नाही," असं हे म्हणाले, तेव्हा माझ्या हातून चमचा पडला.

*

मंगेश राक्षसांची तयारी स्वयंपाकघरात फोनवर करतो, हे प्रवीणला कळलं. एका रविवारी तो अर्धा किलो जिलबी घेऊन आला. "वहिनी, तोंडानं काई सांगू नका. मी विचारतो, तुमी नुसती मान हलवा. आगीनं मरते काय?"

मी मान हलवली नाही. जिलबी मात्र खाल्ली.

*

एकदा चौकशी फारच रंगली. डोळे किती, रात्री दिसतं का, जखम भरते का, पाण्याला भितं का, एकटं राहतं की कुटुंब आहे? सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "इतकी चौकशी तर अमोलच्या सोयरिकीच्या वक्ती बी केली नाही कोनी!"

सगळे हसले. मीही हसले, पण माझं कारण वेगळं होतं. मला आलेल्या ह्यांच्या बायोडेटात 'छंद: वाचन, क्रिकेट' एवढंच होतं. मंगेशसुद्धा याहून जास्त माहिती देतो!

*

आणि आता परवाचा रविवार.

भुयाराच्या दारात एक जनावर. मोठं, काळं, केसाळ. गेले काही रविवार ते तिथेच होतं आणि तिघं त्याला मारत होते. वार बसला की ते आणखी मोठं व्हायचं. डॉक्टरनं लक्षणं विचारली, प्रवीणनं पॉइंट विचारले, ह्यांनी औषध विचारलं. मंगेशचं एकच, "दार अडवून उभं हाय."

मी भज्यांची ताटली घेऊन गेले तेव्हा रणधीरचा जीव फक्त दोन पॉइंट उरला होता. जनावर आता छताला टेकलं होतं. ह्यांच्या कपाळावर घाम, मुठीत फासा.

"सांग ना बे, कमजोरी काय हाय त्याची?" प्रवीण ओरडत होता.

"अमोल, पळ तू!" डॉक्टर.

"रणधीर पळत नाही!" हे म्हणाले, पण आवाज रणधीरचा नव्हता. माझ्या नवऱ्याचा होता.

लाइन गेली त्या दिवशी, त्या भिंतीच्या वाक्यापाठोपाठ, मंगेश मित्राला या नव्या जनावराबद्दल आणखी एक बोलला होता. "तिघंही मलेच विचारतीन, कमजोरी काय, पॉइंट किती. जे विचारायचं ते कोनी विचारनार नाही, लाव पैज!" काय विचारायचं, ते मात्र बोलला नव्हता. भजे तळताना मी तेच उलटंपालटं करत होते.

ह्यांनी फासा टाकायला हात वर केला. मी ताटली सतरंजीच्या मधोमध ठेवली. आणि नेहमीसारखी परत गेले नाही. बसले.

चौघंही माझ्याकडे बघायला लागले.

"काय वहिनी?" मंगेश म्हणाला. "काई पाहिजे होतं काय तुमाले?"

"मले नाही, भाऊजी," मी म्हणाले. "त्याले इचारा. कवाचं दारात उभं हाय बिचारं. तुले काय पाहिजे, असं कोनी इचारलं काय त्याले?"