चहाआधीचा भूकंप

शालू, इकडं ये, अशी जवळ बस. उंबऱ्याला टेकून "निघते मावशी" म्हणायची सवय आधी सोड. सहा महिन्यांनी उगवलीस आणि डोळे घड्याळाकडं. ऐक. गेल्या साली आमच्या गल्लीत दुपारच्या चहाआधी भूकंप झाला. तो मी केला.

मंजू, माझी नायगावच्या लेकीची पोरगी, दोन वर्षं लातूरला माझ्याकडं राहून क्लास करत होती. मार्क बरे पडले. आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता, आणि तिला नांदेडच पाहिजे होतं. तिथून नायगाव तासाभरावर, शनिवारी आईच्या हातचं जेवता येतं. मोबाईलवर अर्ज अर्ध्यात अडकायचा, म्हणून शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्ही लॅपटॉप आणला. रिफर्बिश्ड.

ते दुकान त्र्याण्णवच्या खऱ्या भूकंपानंतर पत्रे विकायचं (स्लॅबखाली झोपायला तेव्हा कोण तयार होतं?). मग क्लासची पोरं आली, तर मालकानं खाटा-गाद्या ठेवल्या. आता त्याच्या पोरानं असले लॅपटॉप लावलेत आणि गर्दी लई. औशाचे, देवणीचे आईबाप पिशव्या धरून रांगेत.

"म्हणजे दुसऱ्यानं वापरलेला?" मी विचारलं.

"काकू, हैदराबादच्या कंपनीतला हाय. उघडून, साफ करून, पार्ट बदलून देतो. पंखा जरा गुरगुरतो अन् बॅटरी दहाच मिनटं पुरते. वायर काढू नका, बस."

"जुना घेतला म्हणून लोक हसतील."

"मागं वळून बघा काकू, किती लोक हसायला उभे हायेत."

दुसऱ्या दिवशी मंजू लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. "पाठ मोडंल, पेटीवर ठेव," मी म्हणाले. ही अक्कल माझी, ध्यानात ठेव. कारण त्याच लोखंडी पेटीवर माझा पितळी तांब्या असतो, पालथा, आणि त्याच्या बुडावर पेला. भूकंपानंतर हे घरोघर असायचं. जमीन हलली की पेला पडणार, खणकन वाजलं की पळायचं. बाकीच्यांनी कधीच काढून टाकलं. मी नाही.

पाचला अर्ज बंद होणार होता. पाचला वीस कमी असताना पेला पडला.

पुढचं माझ्या हातापायांनी केलं, मी नाही. मेन स्विच खाली ओढला (तेव्हाची शिस्त, आधी वीज, मग माणूस), मंजूचं मनगट धरलं आणि "भूकंप, भाईर पळा" असं दोन्हीकडच्या घरांना ऐकवत रस्त्यावर आले. गल्ली रिकामी व्हायला मिनिट लागलं नाही. समोरच्या वैनी कणकेच्या हातांनी, शेजारचे रिटायर गुरुजी अर्ध्या दाढीनं.

"आज्जी, सबमिट राहिलंय," मंजू म्हणाली.

"जीव राहिला तर सबमिट."

गुरुजी माझ्याच दारात हात पसरून उभे राहिले. "अर्धा तास आत कुणी जायचं न्हाई. दुसरा धक्का मोठा असतो."

"गुरुजी, पाचला बंद होतंय हो."

"भूकंपाला सांग."

"आज्जीनं वीज बंद केली. दहा मिनटांत ते बंद पडतंय. गेलं माझं नांदेड," म्हणून पोरगी रडायलाच लागली.

मी खिडकीतून आत डोकावले. लॅपटॉप बॅटरीवर गुरगुरत होता, पेटीचा पत्रा थरथरत होता, आणि तांब्या एकेक बोट सरकत कडेला चालला होता. खण्ण.

"दुसरा धक्का," वैनी ओरडल्या आणि गल्ली आणखी दहा पावलं मागं गेली.

माझ्या पायाशी वैनींची काठोकाठ भरलेली बादली होती. तिच्यातलं पाणी हललं नव्हतं.

मला सगळं कळलं, शालू. पण तीस वर्षं रस्त्यावरून लोडेड ट्रक गेला तरी लोक मलाच विचारतात, "काकू, हलली का?" गल्लीत माझी तेवढीच काय ती इज्जत. मी गप्प बसले. एक मिनिट. (खरं सांगते, चार.) तोवर आतली गुरगुर थांबली. ते ऐकून मंजू मातीतच फतकल मारून बसली, आणि मला माझी लाज वाटली.

"गुरुजी, सरका. भूकंप न्हाई. माझी पेटी हलली."

"पुरावा काय?"

"मी जाते की आत एकटी. घर पडलं तर तुम्ही खरे."

गुरुजी सरकले, मी आत गेले. मी मेन वर केला. मंजू धावत आली. मशीन चालू व्हायला एवढा वेळ, की मी तेवढ्यात दोन नवस बोलले. तिनं सगळं पहिल्यापासून भरलं, आणि मी दोन्ही हातांनी पेटी दाबून उभी, जसं काही पेटी सोडली तर नांदेडच हलणार होतं. खिडकीत गुरुजींची अर्धी दाढी. पाचला दोन कमी असताना मंजू म्हणाली, "गेला."

नांदेड मिळालं. अर्ज गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तणतणत दुकानात गेले होते, तर मालकाचा पोरगा म्हणतो, "काकू, लॅपटॉपची सहा महिने गॅरंटी हाय. आज्जीची आपण देत न्हाई."

लॅपटॉप मंजूबरोबर गेला, अजून चालतोय. तांब्या पेटीवरच आहे, पेलाही. सवय कुठं जाते?

जा आता, पण लवकर ये, आणि मुक्कामाला ये. आलीस की चपला तेवढ्या रस्त्याकडं तोंड करून काढ. पळायला बरं. जमिनीचा भरवसा आहे गं आता, माझा नाही.