तांब्याभर गाळलेलं पाणी

त्रिशला मगदूम पाणी दोनदा गाळते. एकदा हंड्यात भरताना आणि एकदा प्यायला घेताना. जयसिंगपूरपासून नऊ किलोमीटरवरच्या तिच्या गावात जैनांची साठ-सत्तर घरं आहेत, पण गाळायचं फडकं रोज धुऊन दोरीवर वाळत घालणारी आता तीच एक उरली असेल. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा अनेकांत कागलच्या एमआयडीसीत नोकरीला, बिऱ्हाडही तिकडेच. मळ्यातल्या घरात त्रिशला, एक म्हैस आणि भुऱ्या.

भुऱ्या तिने पाळलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी कुत्र्याचं एक पिल्लू गोठ्यात येऊन बसलं, तिने भाकरी टाकली, ते राहिलं. ग्रामपंचायतीने कुत्र्यांना लस टोचायचं शिबिर घेतलं तेव्हा कर्मचारी वहीत मालकांची नावं लिहीत मळ्यापर्यंत आला होता. "आमचं न्हाय ते. नुसतं ऱ्हातंय," असं तिने सांगितलं आणि तो लस न टोचताच पुढच्या घराकडे गेला. तिच्या मते ते खोटंही नव्हतं. गळ्यात पट्टा नाही, साखळी नाही, त्याला आपलं कसं म्हणायचं?

चार डिसेंबरला दुपारी भुऱ्या भलतंच वागू लागला. जबडा लोंबत होता, भुंकणं घोगरं झालं होतं, रस्त्याकडेच्या दगडालाही तो चावे घेत होता. कुत्रं पिसाळलंय म्हणत गावातली सात-आठ माणसं काठ्या घेऊन आली. तोवर तो सवयीने गोठ्यात शिरला होता आणि त्रिशलाने बाहेरून कडी लावली होती. कुत्रं ओढ्याकडे गेलं, असं तिने लोकांना सांगितलं. आपल्या दारात एक जीव काठ्यांनी ठेचला जावा, हे तिला बघवलं नसतं.

संध्याकाळी तिने फटीतून पाहिलं. भुऱ्या घमेल्यातल्या पाण्यात तोंड घालत होता, पण पाणी घशाखाली उतरत नव्हतं. म्हशीच्या मागच्या पायावर दातांच्या खुणा होत्या. सकाळपर्यंत कुत्रं मेलं. त्रिशलाने लिंबाखाली खड्डा काढून त्याला पुरलं, म्हशीच्या पायाला हळद लावली आणि कोणाला काही सांगितलं नाही. काठ्या घेऊन आलेल्यांपुढे आता कोणत्या तोंडाने बोलायचं?

म्हैस गाभण होती, दूध केव्हाच आटलेलं. पायाची जखम पंधरा दिवसांत भरली. त्रिशलाला वाटलं, टळलं.

नऊ जानेवारीला, मंगळवारी, म्हशीने वैरणीला तोंड लावलं नाही. तोंडातून लाळेची तार, मान ताणलेली, मधूनच बसक्या आवाजात हंबरणं. घशात काहीतरी अडकलंय, असं कोणीही म्हणालं असतं. आणि जनावराच्या घशात अडकलं की त्या भागात केरबाला बोलवायचं, हे ठरलेलं.

केरबा त्रेसष्ट वर्षांचा, हात लांब आणि काटकुळे. जबड्यात कोपरापर्यंत हात घालून त्याने बटाटे काढलेत, मक्याची कणसं काढलीत, एकदा आंब्याची अख्खी कोय काढली. निरोप मिळाला तसा तो उसातूनच उठून आला. उसाच्या पाल्याने दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत चिरलेले होते, ओरखडे ताजे, लाल. त्रिशलाने जबडा धरला, त्याने हात घातला आणि पाव तास चाचपलं. काहीच सापडलं नाही.

"घसा मोकळा हाय की, वैनी," तो म्हणाला. बादलीत हात खंगाळले आणि चहा पिऊन गेला.

बुधवारी सरकारी पशुवैद्य आले. गोठ्याबाहेर शेजारची चार माणसं उभी होती. त्यातली दोघं त्या दिवशी काठ्या घेऊन आली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुत्रं चावलं होतं का. त्रिशलाने त्या दोघांकडे पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली.

गुरुवारी म्हशीने बादलीत तोंड बुडवलं. पाणी ढवळलं गेलं, नाकातून परत आलं, पण घोट एकही उतरला नाही. त्रिशलाने हे गोठ्याच्या फटीतून एकदा पाहिलेलं होतं. हातातली बादली खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

शुक्रवारी सकाळी सव्वासातला म्हैस मेली. साडेसातला तिने डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, जबड्यात कोणाकोणाचे हात गेले ते आठवा. चिरलेल्या कातडीला लाळ लागली म्हणजे चावल्यासारखंच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं हात धुवा आणि आजच्या आज दवाखाना गाठा. रेबीज दिसायला लागला की मग त्यावर औषध नाही.

केरबाचा फोन वाजत राहिला. ती धावतच त्याच्या रानात गेली. तीन आठवडे वाट बघून त्याच्या उसाला त्याच दिवशी कारखान्याची तोड आली होती. तोडकरी कोयते चालवत होते, ट्रॅक्टर बांधावर उभा होता, केरबा मोळ्या बांधत होता. त्रिशलाने धाप लागल्या आवाजात कुत्र्याचं सांगितलं, इंजेक्शनाचं सांगितलं.

"कुत्रं म्हशीला चावलं," केरबा मोळी आवळत म्हणाला. "म्हैस मला चावली न्हाय. मग मला सुई कशाला?"

तोडकऱ्यांतला एकजण हसला. केरबाने समजूत घातली की संक्रांत होऊ दे, सोमवारनंतर बघू. आज तोड सोडून गेलो तर ऊस पुन्हा महिनाभर उभा राहील. त्रिशलाने त्याचा हात धरला. तीस वर्षांत तिने त्याला कधी स्पर्श केला नव्हता.

"अण्णा, डॉक्टरांनी बुधवारीच इचारलं हुतं. मी खोटं बोललो. खरं सांगितलं असतं तर तुमाला तवाच सुई मिळाली असती."

केरबाने मोळी सोडून दिली. आपल्या हातांवरचे ओरखडे तो बघत राहिला. खपल्या धरल्या होत्या.

"मुंगी मरंल म्हणून तुमी अंगणात जपून पाय टाकता, वैनी," तो हळू बोलला. "मी मुंगीपेक्षा बारका झालो व्हय?"

केरबाची सून क्रांती न्याहारी घेऊन आली होती, तिने सगळं ऐकलं. डोक्यावरची पाटी बांधावर ठेवून ती सासऱ्याला म्हणाली, "तोड मी बगतो. तुमी जावा."

जयसिंगपूरला लस मिळाली, पण जखमांभोवती टोचायचं सीरम तिथे नव्हतं. ते कोल्हापूरला. एसटीत केरबा पुढच्या बाकावर बसला, त्रिशला चार बाकं मागे. वाटेत तो एकदाही मागे वळला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी एकेका ओरखड्याशी सुई नेली. त्रिशलाच्या बोटांना भेगा होत्या, तिलाही टोचलं. उशीर झालाय, पण लस घेणं बरोबरच आहे, असं डॉक्टर म्हणाले. एकही तारीख चुकवू नका. आता धोका नाही ना, असं तिने तीनदा विचारलं. बहुतेकांना काही होत नाही, एवढंच ते तिन्ही वेळा म्हणाले. बहुतेक हा शब्द ती घरी घेऊन आली.

शनिवारी सकाळी ती पाणी गाळून तांब्या घेऊन केरबाच्या दारात गेली. तांब्या पुढे केला. केरबा ओठ न लावता वरून घटाघटा पाणी प्यायला आणि त्याने रिकामा तांब्या परत दिला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशीही. पाणी कशासाठी येतंय ते त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. "बगा, उतरलं," असं तो टोचून म्हणायचा. ती त्याचा घसा वरखाली होताना बघायची, मगच मागे फिरायची. सोमवारी, शुक्रवारी, पुढच्या शुक्रवारी दोघं एकाच एसटीने दवाखान्यात जाऊन आली.

दोन फेब्रुवारीला केरबा अंथरुणातच होता. क्रांती म्हणाली, रात्रीपासून घसा धरलाय, चहाही नको म्हणाले. त्रिशलाच्या हातातून तांब्याचं झाकण पडलं. केरबा उठून बसला. त्याचं तोंड उतरलेलं होतं. म्हणजे तोही रात्रभर तोच विचार करत पडला होता. त्याने तांब्या घेतला. पहिला घोट तोंडातच राहिला. क्रांतीने पदर दातात धरला. मग घसा हलला. घोट उतरला. दुसरा उतरला.

"सर्दी हाय," तो म्हणाला. कपाळावर घाम आला होता.

त्याने उरलेलं पाणी पुढे केलं. "आता तुमी."

लाळ तिच्याही हातांना लागली होती, हे त्या घरात प्रथमच कोणीतरी बोललं. त्रिशलाने तांब्या वर धरला. तोंडात पाणी आलं, पण हुंदक्याने घसा असा आवळला की ते आत जाईना. केरबाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"प्या की, वैनी," तो म्हणाला. "प्या."

बऱ्याच वेळाने ते उतरलं. केरबा भिंतीला टेकला आणि त्याने डोळे मिटून घेतले. शेवटचं इंजेक्शन अजून एक आठवडा लांब होतं, आणि त्यापुढचे महिने कोणी मोजून दिले नव्हते.

"उद्या बी आना पानी," तो म्हणाला.