मागच्या रांगेतल्या वहिनी

सुमनवहिनी गेल्या त्याला आता सहा आठवडे होतील. दादाचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. "सकाळी छातीत दुखलं, अन् गाडी येईपर्यंत..." एवढंच तो बोलू शकला. आष्टीच्या बसमध्ये बसल्यावर दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहूनच गेलं. काय राहिलं, ते आज लिहायला बसलो आहे.

माझी मुलगी सई सहा वर्षांची असताना वर्ध्याच्या डॉक्टरांनी तिला एडीएचडी असल्याचं सांगितलं. पाच मिनिटं एका जागी न बसणं, अर्ध्यावर टाकलेली वही, हरवलेल्या चपला... या सगळ्याला आम्ही तोवर वांडपणा म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांची गरज पडली तर देऊ, त्यात वाईट काही नाही. पण एवढ्या लहान वयात आधी घरची पद्धत बदलून पाहा. एका वेळी एकच काम सांगा, दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा, भरपूर पळू द्या, जमलं की लगेच शाबासकी द्या. मी शिक्षक माणूस, सगळं समजल्यासारखी मान डोलावली आणि तिसऱ्याच दिवशी पाढ्यांवरून तिला मारलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि बायकोनं थकून तिला दादा-वहिनींकडे आष्टीला नेऊन सोडलं.

वहिनी सातवी शिकलेल्या. डॉक्टरांचा कागद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि कामाला लागल्या. सईला शेंगा फोडायला द्यायच्या त्या वाटीभरच. वाटी झाली की लिंबाच्या झाडापर्यंत पळत जाऊन यायचं, मग दुसरी वाटी. सकाळी करायच्या चार गोष्टींची चित्रं त्यांनी कोळशानं न्हाणीच्या भिंतीवर काढली. आठवडी बाजारात काय घ्यायचं ते तिनं लक्षात ठेवायचं, आधी एकच जिन्नस, मग दोन, मग तीन. जूनमध्ये मी आणायला गेलो तर सई पूर्ण जेवेपर्यंत पानावरून हलली नाही. ती बरी झाली असं नव्हे, तसं ते होत नसतं. पण स्वतःला आवरायची एक वाट तिला सापडली होती. घरी आम्ही तेच चालू ठेवलं. पुढे तपासून डॉक्टर म्हणाले, गोळ्या सध्या नकोत.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या पालकसभेत मला याच विषयावर बोलायला सांगितलं. वहिनी त्या दिवशी डोळे तपासायला वर्ध्याला आल्या होत्या. मीच त्यांना मागच्या रांगेत नेऊन बसवलं. मी वाटीची गोष्ट सांगितली, भिंतीवरची चित्रं सांगितली, आणि प्रत्येक वेळी म्हणत गेलो, मी केलं, मी ठरवलं. एका पालकांनी विचारलं, "सर, हे कुठे शिकलात?" माझी नजर मागे गेली. त्या माझ्याकडेच बघत होत्या, कौतुकानं. मी म्हणालो, "वाचनातून." टाळ्या वाजल्या. वहिनींनीही वाजवल्या.

ऑटोत त्या म्हणाल्या, "चांगलं सांगतलं तुम्ही, भाऊजी. पण एक राह्यलं. तिचा राग आला का मी उठून आंगनात चक्कर मारून येत होती. लेकराच्या आधी आपल्यालेच आवरा लागते. ते सांगा लागत होतं."

पुढच्या वेळी सांगीन, म्हणालो. दुसरं एक वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं. त्यानंतर दिवाळीत भेटलो, एका लग्नात भेटलो, फोनवर तर कितीदा बोललो... दर वेळी वाटायचं, आता एवढ्या दिवसांनी ते काय काढायचं. त्यांनी कधी टोचून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या फक्त सईचं विचारायच्या.

गेल्या शनिवारी पुन्हा पालकसभा झाली. या वेळी मी वहिनींच्या नावानंच सुरुवात केली. अंगणातली चक्करही सांगितली, आणि गेल्या वर्षी मी खोटं बोललो होतो, हेही. त्या आता नाहीत, एवढं मात्र सांगवलं नाही. काही जण वहीत लिहून घेत होते. मागच्या बाजूनं एक आई उठली. "सर, त्या बाईले भेटता येईल का? माझ्या पोरीले घेऊन जाईन म्हणते."

"उशीर झाला," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

तिला वाटलं, मी सभा आटपायला सांगतो आहे. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "हो, हो सर," म्हणाली आणि वही पिशवीत घालून निघाली.