बायकोच्या डोळ्यातली चरबी

माझी बायको काविळीनं गेली असं तिच्या माहेरचे, आणे गावचे लोक अजून सांगतात. तिला कावीळ नव्हती.

तिच्या उजव्या डोळ्याच्या पांढऱ्यात, नाकाकडच्या अंगाला, बाजरीच्या दाण्याएवढा पिवळट उंचवटा आला होता. दुखत नव्हता. वारं सुटलं की खुपायचा. वारूळवाडीहून बैलगाडी जुंपून मी तिला जुन्नरच्या दवाखान्यात नेलं. डाक्तरानं पापणी ओढून भिंगातून पाहिलं. दुसरा डोळा पाहिला, नखं पाहिली, लघवीचा रंग विचारला. ती पदरात तोंड घालून बसली. मीच सांगितलं, पाण्यासारखी.

"कावीळ असती तर दोन्ही डोळे पिवळे झाले असते," तो म्हणाला. "ही नुसती चरबी. उन्हानं, धुळीनं साठते. नजरेला धोका नाही, कापायची नाही. पाण्यानं डोळे धुवा, उन्हात पदर पुढं ओढा. लाल झाली तर या, थेंब घालू."

गाडीत ती म्हणाली, "बाटली न्हाई, पुडी न्हाई. ह्यो कसला डाक्तर?"

"कडू प्यायचं वाचलं की."

"तुमाला काय, डोळा माझा हाय!"

पुढं ती आण्याला भावाकडं गेली. भावजयीनं डोळा पाहिला आणि कावीळ कावीळ म्हणून घर डोक्यावर घेतलं. डाक्तर चरबी म्हणतो, असं हिनं सांगितलं. भाऊ म्हणाला, "रोग कळला असता तर औषध दिलं नसतं व्हय त्यानं?" तिलाही ते पटलं. गावात काविळीला डाग देणारा एक होता. त्यानं सुई लाल करून दंडाला टेकवली, वर शेणाची राख दाबली.

डाग चिघळला. मला निरोप आला तेव्हा तिची दातखीळ बसली होती. मी पोचलो तर अंग कमानीसारखं ताठलेलं. धनुर्वात. ती माझ्याकडं बघत होती, तोंड उघडत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला मेव्हणा आमच्या गावी आला, शेजारी टेकला.

"दाजी, डाग द्यायला उशीर झाला बघा."

"कावीळ नव्हती तिला."

"मग डोळा पिवळा कशानं?"

"चरबी व्हती. डाक्तरानं बघितलं व्हतं."

"बघितलं! दिलं काय त्यानं?" असं म्हणून तो ढसाढसा रडला.

खोटं नव्हतं ते रडणं. मारायला हात शिवशिवत होता, पण मेलेली बहीण त्याचीच होती. मी त्याला रडू दिलं. त्यानंतर त्याच्याशी एक शब्द बोललो नाही.