सीसीमध्ये साहेब

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. त्याला आता महिना होऊन गेला. लोक विचारतात, शरद तुमचा जिवलग मित्र ना? मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर गेली चौदा वर्षं आमच्यात एक गैरसमज होता, आणि तो मिटला की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

आम्ही एकाच कारखान्यात लागलो. तिथे माझं काही चुकलं की शरद मशीन बंद करून यायचा, चार शिव्या हासडायचा आणि मग आम्ही चहाला जायचो. विषय संपला. पुढे उदारीकरण आलं, कारखाना बंद पडला आणि चाळिशीला टेकलेले आम्ही दोघं संगणक शिकून एका सॉफ्टवेअर कंपनीत शिरलो. तिथे सगळं मेलवर. आमच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून, तरी मेल. शरद वैतागायचा. "वश्या, खुर्ची फिरव आणि तोंडाने बोल. टपाल कसलं पाठवतोस?"

मग नियम निघाला, काम लांबलं की मेल करायचा आणि साहेबांना सीसीत ठेवायचं, म्हणजे एक प्रत त्यांनाही. शरदचं एक काम दोन दिवस लांबलं. मी नियमाप्रमाणे मेल टाकला. खुर्ची फिरवून "नियम आहे रे, मनावर घेऊ नकोस" एवढं म्हणायला माझं काय जात होतं? नाही म्हणालो. त्याच आठवड्यात कळलं, त्याची बढती हुकली. त्या मेलचा काडीचा संबंध नव्हता, बढतीची यादी आधीच वर गेली होती. पण दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळी शरद म्हणाला, "वसंतराव, आपण जेवून घ्या. मला वेळ लागेल." वसंतराव... आपण... पुण्यात याहून मोठी शिवी नाही.

बायको म्हणायची, "अहो, जाऊन बोला ना एकदाचं." मी म्हणायचो, त्याने विचारावं. तिकडे तो वहिनींना म्हणायचा, त्याने सांगावं. सणावारी येणं-जाणं चालू, फराळाचे डबे चालू, सगळं कसं अगदी सभ्य. मूर्ख होतो मी, दुसरं काय.

यंदा त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. बिबवेवाडीच्या त्याच्या घरी, मधल्या खोलीत पलंगाशेजारी बसून मी चौदा वर्षांचं सगळं बोलून टाकलं. यादी आधीच गेली होती रे, मी तुझी तक्रार नव्हती केली... त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. मला रडूच फुटलं. बाहेर येऊन वहिनींना म्हणालो, "त्याला कळलं. हो म्हणाला."

वहिनी टॉवेलची घडी घालत होत्या. घडी पुरी केली. मग म्हणाल्या, "भाऊजी, कालपासून ते सगळ्यालाच मान हलवताहेत. पाणी हवं का म्हटलं तरी, नको का म्हटलं तरी."

तेरावा झाल्यावर परवा पहिल्यांदाच तिकडे गेलो. पलंग काढून टाकलाय, तरी पाय आपसूक मधल्या खोलीकडेच वळले. बराच वेळ नुसता उभा राहिलो असेन. वहिनी दाराशी येऊन म्हणाल्या, "काही राहिलं होतं का तुमचं इथे?"

मी नाही म्हणालो.